लांडग्याचं बिल कोणी भरायचं?

वासरू मेलं, एवढ्यावर कोणी पैसे देत नाही. ते कशाने मेलं हे आधी ठरावं लागतं. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत हे ठरवायला एक माणूस पिकअप गाडी घेऊन येतो. मोंटाना, आयडाहो किंवा वायोमिंगमधल्या एखाद्या रँचवर मेलेलं जनावर सापडलं, की रँचरने पहिलं पथ्य पाळायचं ते म्हणजे त्याला हात लावायचा नाही. डोमकावळे आणि लांडग्यासारखे पण लहान असलेले कायोटी पुरावा खाऊन टाकतील म्हणून त्यावर ताडपत्री टाकायची. जमिनीवरचे माग पुसले जाऊ नयेत म्हणून कुत्री आणि गाड्या लांब ठेवायच्या, आणि फोन करायचा. तो फोन बहुतेक वेळा केंद्रीय कृषी खात्याच्या ‘वाइल्डलाइफ सर्व्हिसेस’ या विभागात जातो.

आलेला तपासनीस आधी जनावराभोवती चक्कर मारतो. माती उकरली गेली आहे का, झुडपं मोडली आहेत का, रक्ताचे थेंब कुठून कुठे गेले आहेत, कुंपणाच्या तारेत केस अडकले आहेत का, हे बघतो. मग चाकू काढून कातडं सोलायला घेतो. वरून दिसणाऱ्या जखमांवर त्याचा भरवसा नसतो, कारण आजाराने मेलेलं वासरू आयतं मिळालं तर लांडगा तेही सोडत नाही. खरी साक्ष कातड्याच्या आतल्या बाजूला असते. हृदय चालू असताना दात बसले असतील तर तिथे रक्त साकळलेलं असतं आणि खालचं मांस काळंनिळं पडलेलं असतं. मेल्यानंतर बसलेल्या दाताचं नुसतं भोक राहतं. जखमेची जागाही बरंच सांगते. लांडगा पळत्या जनावराच्या मागच्या मांड्या, कूस आणि जांघ धरतो. कायोटी मेंढीचा गळा पकडतो. प्यूमा मागून मानेला चावतो आणि उरलेलं मांस पालापाचोळ्याखाली झाकून ठेवतो. ग्रिझली अस्वलाचा मार बहुधा पाठीवर आणि खांद्यांवर असतो. सुळ्यांच्या दोन खुणांमधलं अंतर मोजपट्टीने मोजलं जातं, फोटो काढले जातात आणि शेवटी फॉर्मवर शेरा पडतो: ‘निश्चित’, ‘संभाव्य’ किंवा ‘कारण ठरवता आलं नाही’.

आपल्याकडे बिबट्याने शेळी उचलली की वनखात्याचा पंचनामा होतो, त्याच जातीचा हा पंचनामा. रँचरच्या हातात किती पैसे पडणार, पडणार की नाही, हे त्या एका शेऱ्यावर ठरतं. त्यामुळे सरकार भरपाई देतं ती जनावराची, असं म्हणण्यापेक्षा पुराव्याची देतं असं म्हणणं जास्त खरं आहे. या व्यवस्थेत जे काही बरं-वाईट आहे, त्यातलं बरंचसं इथूनच सुरू होतं.

आधी मारण्यासाठी पैसे

याच सरकारने एकेकाळी उलट कामासाठी पैसे मोजले होते. पश्चिमेकडे गुरांचे कळप पसरत गेले, बायसन आणि हरणं संपत गेली आणि लांडग्यांनी गुरांकडे मोर्चा वळवला. लांडग्यांच्या कातड्यांवर राज्यांनी बक्षिसं लावली. १९१५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने लांडगे आणि कायोटी मारण्यासाठी वेगळा निधी दिला आणि कृषी खात्याच्या ‘ब्यूरो ऑफ बायॉलॉजिकल सर्व्हे’ने पगारी शिकारी नेमले. सापळे, विष, बिळातून पिल्लं काढणं, काही बाकी राहिलं नाही. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले शेवटचे लांडगे १९२६ मध्ये मारले गेले. आजचा वाइल्डलाइफ सर्व्हिसेस हा त्याच ब्यूरोच्या कामाचा वारसदार आहे. लांडग्याने वासरू मारलं का, हे तोच ठरवतो, आणि वारंवार गुरं मारणारे लांडगे संपवायचा निर्णय झाला तर ते कामही अनेकदा त्याच्याकडेच येतं.

१९७० च्या दशकात लांडग्याला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि यलोस्टोनमध्ये लांडगे परत आणावेत अशी मागणी मूळ धरू लागली. रँचरांचा विरोध कडवा होता. १९८० च्या दशकात राष्ट्रीय उद्यान सेवेचे संचालक असलेले विल्यम मॉट यांनी ‘डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ’ या संस्थेच्या हँक फिशर यांना व्यवहारी सल्ला दिला: लांडगे परत यावेत असं वाटत असेल, तर आधी रँचरांच्या नुकसानीचे पैसे द्यायची सोय करा. लवकरच त्याची परीक्षा झाली. १९८७ मध्ये मोंटानात ब्राउनिंग गावाजवळ कॅनडाच्या बाजूने आलेल्या लांडग्यांनी गुरं-मेंढरं मारली. फिशर यांनी सभासदांना फोन केले आणि दोन दिवसांत सुमारे ३,००० डॉलर गोळा करून नुकसान झालेल्यांना दिले.

त्यातून कायमचा निधी उभा राहिला. निश्चित शेरा असेल तर पूर्ण किंमत, संभाव्य असेल तर निम्मी, असा त्याचा नियम होता. आणखी एक बारकावा रँचरांच्या हिशोबाला धरून होता. मांसासाठी गुरं पाळणाऱ्याची गाय वर्षाला एक वासरू देते आणि ते शरद ऋतूत, अंगाने भरल्यावर विकलं जातं. वसंतात मारल्या गेलेल्या महिन्याभराच्या वासराला त्या दिवशी बाजारात फारशी किंमत नसते. म्हणून ते जगलं असतं तर शरदात जो भाव आला असता, तो धरून पैसे दिले जात. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून आणलेले एकूण ६६ लांडगे यलोस्टोन आणि मध्य आयडाहोत सोडण्यात आले. डिफेंडर्सने २०१० पर्यंत रँचरांना एकूण १४ लाख डॉलरहून जास्त रक्कम दिली. पण लांडगे वाढले तसं हे काम देणगीदारांच्या पैशावर चालवण्यापलीकडे गेलं. मोंटानाने २००७ मध्ये कायदा करून स्वतःचं भरपाई मंडळ नेमलं. २००९ मध्ये मोंटानाचे डेमोक्रॅट सिनेटर जॉन टेस्टर आणि वायोमिंगचे रिपब्लिकन सिनेटर जॉन बरासो यांच्या पुढाकाराने केंद्र सरकारनेही राज्यांना निधी द्यायला सुरुवात केली. त्यात निम्मा पैसा भरपाईला आणि निम्मा हल्ले टाळण्याच्या उपायांना, अशी वाटणी होती.

जे सापडत नाही त्याचं काय?

उन्हाळ्याच्या सुरुवातीला हजारो गाई वासरांसह सरकारी जंगलातल्या कुरणांवर चढवल्या जातात. ही कुरणं मैलोन्‌मैल पसरलेली, चढ-उतारांची आणि दाट झाडीची असतात. रोजच्या रोज प्रत्येक वासरू डोळ्यांखालून घालणं कुणालाच शक्य नसतं. शरदात गुरं खाली आणली की मोजणी होते आणि काही गाई वासराविना परत आलेल्या असतात. त्यांची कास आटलेली असते. वासरू कुठे गेलं, याचा कसलाच माग नसतो. लहान वासरू लांडग्यांच्या टोळीला एका बैठकीत पुरतं. उरलंसुरलं डोमकावळे आणि अस्वलं संपवतात. मग कातडं कुठलं सोलणार?

हा प्रश्न तीन संशोधकांनी मध्य आयडाहोत थेट तपासला. त्यांनी वासरांच्या कानात रेडिओ-बिल्ले अडकवले आणि मेलेलं प्रत्येक वासरू शोधून काढण्याचा प्रयत्न केला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, अशा डोंगराळ जंगलात लांडग्यांनी मारलेल्या आठ वासरांपैकी एकच रँचरला सापडत असावं. म्हणजे ‘निश्चित’ शेऱ्यावर पूर्ण पैसे मिळाले तरी प्रत्यक्षात नुकसानीचा आठवा हिस्साच भरून निघतो.

वायोमिंगने यावर गुणाकाराचा तोडगा काढला. खडबडीत मुलखात एक वासरू किंवा मेंढी लांडग्याने मारल्याचं सिद्ध झालं, तर जास्तीत जास्त सात जनावरांपर्यंतची भरपाई मागता येते. ग्रिझलीसाठी हाच आकडा साडेतीन आहे. वॉशिंग्टन राज्यात मोठ्या कुरणांवर दुप्पट भरपाई देण्याची तरतूद झाली. टीका करणारे म्हणतात, न पाहिलेल्या मृत्यूचे पैसे सरकारने का द्यावेत? पण सापडलेल्या जनावरापुरतेच पैसे देणं हाही एक अंदाजच असतो. न सापडलेलं जनावर मेलेलंच नाही, असं त्यात गृहीत धरलेलं असतं, आणि हा अंदाज चुकीचा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

पंचनाम्यात कधीच न येणारं नुकसान याहून वेगळं. कळपात लांडगे शिरले की गुरं बुजतात, एकत्र गोळा होऊन उभी राहतात, चांगल्या गवताच्या उघड्या माळावर जायला बिचकतात. मोंटाना विद्यापीठाच्या संशोधकांनी पश्चिम मोंटानातल्या १८ रँचवरची कित्येक वर्षांची वासरांची वजनं तपासली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं, की लांडगे नुसते आसपास वावरत असतील तर वजनावर फरक पडत नाही. पण ज्या रँचवर लांडग्यांनी वासरू मारल्याचं सिद्ध झालं होतं, तिथल्या उरलेल्या वासरांचं वजन सरासरी २२ पौंडांनी, म्हणजे जवळजवळ १० किलोंनी कमी भरलं. वासरू वजनावर विकलं जातं. शे-दोनशे वासरांवर दहा-दहा किलो धरले, की ही तूट मारल्या गेलेल्या एका वासराच्या किमतीला सहज मागे टाकते. शिवाय रात्र-रात्र जागून केलेल्या राखणीचा आणि कागदपत्रांत गेलेल्या वेळाचा हिशोब कुणी मांडत नाही तो नाहीच.

हिमवादळ आणि लांडगा

जनावरं लांडग्यानेच मरतात असं नाही. कृषी खात्याने २०१५ च्या मृत्यूंची देशभर पाहणी केली. तेव्हा मोठ्या गुरांच्या मृत्यूंत हिंस्र प्राण्यांचा वाटा सुमारे २ टक्के आणि वासरांच्या मृत्यूंत सुमारे ११ टक्के निघाला. त्यातही वासरांच्या बाबतीत निम्म्याहून जास्त बळी कायोटीचे होते. बाकी जनावरं आजार, अवघड वीण आणि हवामान यांनी गेली.

हवामान काय करू शकतं, ते ऑक्टोबर २०१३ च्या सुरुवातीला साउथ डकोटात दिसलं. गुरं अजून उन्हाळी कुरणांवर होती आणि अंगावर थंडीची लव आलेली नव्हती. आधी पावसाने ती चिंब भिजली, मग ओला, जड बर्फ आणि ताशी शंभर किलोमीटरहून जोरकस वारा. लीड या गावात ५५ इंच बर्फ पडला. वाऱ्याला पाठ देत गुरं मैलोन्‌मैल चालत सुटली, बर्फाने बुजलेली कुंपणं ओलांडून गेली आणि ओढ्यांत, खड्ड्यांत, रस्त्यांच्या कडेला गारठून मेली. हजारो जनावरं गेली. काही रँचरांचा निम्म्याहून जास्त कळप दोन दिवसांत संपला.

अशा नुकसानीसाठी केंद्र सरकारची ‘लाइव्हस्टॉक इंडेम्निटी प्रोग्रॅम’ ही योजना आहे. दरवर्षी जेवढी जनावरं मरणं स्वाभाविक धरलं जातं, त्याहून जास्त मेली तर बाजारभावाच्या ७५ टक्के रक्कम ती देते. उरलेले २५ टक्के मालकाने सोसायचे, म्हणजे काळजी घेण्याचं कारण शिल्लक राहतं. पण त्या ऑक्टोबरात ही योजना बंद पडलेली होती. शेतीविषयक योजनांच्या ज्या कायद्याने, म्हणजे फार्म बिलाने, ती आणली होती, त्यातली तिची मुदत सप्टेंबर २०११ मध्येच संपली होती आणि नवं बिल वॉशिंग्टनमध्ये अडकलं होतं. त्यात १ ऑक्टोबरपासून अर्थसंकल्पाच्या वादात सरकारी कचेऱ्यांनाच टाळं लागलेलं. नोंद करायला गेलं तर कार्यालय बंद. फोटो काढा, कानातल्या बिल्ल्यांचे नंबर लिहून ठेवा, पशुवैद्याचा किंवा त्रयस्थ माणसाचा दाखला घ्या, पुढे कधी योजना आलीच तर उपयोगी पडेल, एवढाच सल्ला रँचरांना मिळाला. पुरायची घाई असलेल्या मढ्यांमधून फिरत त्यांनी ते केलं. मधल्या काळात धावून आले ते शेजारी आणि देणगीदार. काहींनी आपल्या कळपातल्या गाभण कालवडी नुकसान झालेल्यांना देऊन टाकल्या. अखेर ७ फेब्रुवारी २०१४ रोजी अध्यक्ष ओबामांनी फार्म बिलावर सही केली. योजना कायमची झाली आणि मागच्या तारखेपासून लागूही झाली.

हीच योजना केंद्राने पुन्हा सोडलेल्या किंवा कायद्याने संरक्षित केलेल्या प्राण्यांनी मारलेल्या जनावरांनाही लागू आहे, लांडगे त्यात आलेच. २०२५ पर्यंत तिचा दर दोघांना सारखाच होता: वादळाने मेली तरी ७५ टक्के, लांडग्याने मारली तरी ७५ टक्के. २०२५ च्या कायद्याने तो बदलला. हवामानाला ७५ टक्केच राहिले, संरक्षित हिंस्र प्राण्याने मारलेल्या जनावराला १०० टक्के झाले. रँचर कित्येक वर्षं जे तावातावाने सांगत होते, ते या दोन आकड्यांच्या फरकात आलं आहे. वादळ कुणी आणलेलं नसतं, त्याचा धोका धंद्याचा भाग म्हणून थोडा तरी सोसायचा असतो. लांडगा परत आला तो सरकारच्या निर्णयाने, आणि त्याला गोळी घालायची मुभा काढून घेतली तीही सरकारनेच.

कोलोराडोत तर हा निर्णय थेट मतपेटीतून आला. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘प्रस्ताव ११४’ वर मतदान झालं: लांडगे पुन्हा आणावेत का? ५१ टक्क्यांहून थोड्या कमी मतांनी हो म्हटलं. डेन्व्हर आणि बोल्डरसारख्या शहरांनी कौल दिला, आणि लांडगे सोडायचे होते ते डोंगररांगेच्या पश्चिमेला, जिथल्या बहुतेक काउंट्यांनी नको म्हटलं होतं. १८ डिसेंबर २०२३ रोजी ऑरेगॉनहून आणलेले पहिले पाच लांडगे ग्रँड काउंटीत सोडले गेले. राज्याने भरपाई मात्र सढळ ठेवली: एका जनावरामागे कमाल १५,००० डॉलर, शिवाय बेपत्ता वासरं, घटलेलं वजन आणि गाभण राहण्याचं घटलेलं प्रमाण यांसाठीही दावा करण्याची सोय. मार्च २०२५ मध्ये राज्याच्या आयोगाने फक्त दोन रँचचे मिळून ३,४०,००० डॉलरहून जास्तीचे दावे मंजूर केले. या कामासाठी वर्षाची तरतूदच ३,५०,००० डॉलरची होती. नुकसान मोजायचं म्हटल्यावर ते केवढं निघतं, ते एकदम समोर आलं. देशाच्या सरासरीत लांडग्याचा वाटा नगण्य असेल, पण तो मोजक्या रँचवर एकवटतो आणि त्यांच्यासाठी सरासरीला काही अर्थ उरत नाही.

पैशाने काय विकत मिळतं?

भरपाईवर दोन बाजूंनी आक्षेप येतात. पहिला असा, की मेल्यावर पैसे मिळणार असतील तर जगवायची धडपड कोण करेल? म्हणून अनेक राज्यांत आता राखणीचे कुत्रे, घोड्यावरून कळपाबरोबर फिरणारे राखणदार, कुंपणाला लावायची फडफडणारी लाल फडकी आणि मेलेली गुरं कुरणातून लगेच उचलणं, यांसाठीही पैसे दिले जातात.

दुसरा आक्षेप लांडगाप्रेमींना जास्त बोचतो. विस्कॉन्सिनमध्ये लांडग्यामुळे नुकसान झालेल्यांना राज्य पैसे देतं. अस्वलाच्या शिकारीला नेलेला कुत्रा लांडग्यांनी मारला तरी देतं. तिथल्या ग्रामीण लोकांची मतं संशोधकांनी तपासली आणि २००३ मध्ये निष्कर्ष मांडला: पैसे मिळालेले लोक पैसे न मिळालेल्यांपेक्षा लांडग्याबद्दल जास्त सहनशील नव्हते. चेक वटला, मत बदललं नाही.

पैसे कशासाठी दिले यावर मात्र बरंच अवलंबून असतं, हे स्वीडनने दाखवलं. तिथे उत्तरेकडे सामी लोक रेनडियर पाळतात, आणि वॉल्व्हरिन व लिंक्स हे हिंस्र प्राणी त्यांवर ताव मारतात. बर्फाळ, अफाट मुलखात मेलेलं रेनडियर शोधून पंचनामा करणं अशक्यच. १९९६ मध्ये स्वीडनने तो नाद सोडला आणि जिवंत हिंस्र प्राणी मोजायला सुरुवात केली. सामी पशुपालकांच्या गावाच्या हद्दीत वॉल्व्हरिनच्या किंवा लिंक्सच्या मादीने पिल्लं घातल्याची नोंद झाली, की त्या गावाला ठरलेली रक्कम मिळते. एका विणीमागे ती सुमारे २ लाख क्रोनर असते. रेनडियर किती मेली हे कुणी विचारत नाही. गावाने चांगली राखण करून एकही रेनडियर जाऊ दिलं नाही तरी रक्कम तेवढीच. मारलेली वॉल्व्हरिन मादी म्हणजे बुडालेलं उत्पन्न. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार दशकभरात वॉल्व्हरिनच्या विणींची संख्या दुपटीहून वाढली, आणि चोरट्या शिकारीपासून माद्या नरांपेक्षा जास्त सुरक्षित राहिल्या. या योजनेने सामी लोकांना वॉल्व्हरिन आवडू लागला असा दावा कुणी केलेला नाही. तशी गरजही पडली नाही.

अमेरिकेतल्या वादातली गाठ इथे सुटते. भरपाई देऊन रँचर लांडग्यावर माया करू लागतात का, हा प्रश्न तिथे पुन्हा पुन्हा विचारला जातो आणि उत्तर नकारार्थी आलं की पैसे वाया गेले असा निष्कर्ष निघतो. पण दुकानातली उधारी चुकवताना दुकानदाराने आपल्यावर खूश व्हावं अशी अट कुणी घालत नाही. डेन्व्हरच्या मतदाराला डोंगरात लांडगा हवा होता आणि तो त्याला मिळाला. लांडगा हवा असणं ही काही वाईट गोष्ट नाही, पण त्याच्या जेवणाचा खर्च ग्रँड काउंटीतल्या दोन-चार कुटुंबांच्या माथी राहिला. तो खर्च सगळ्यांमध्ये वाटून घेणं, एवढंच भरपाईचं काम आहे. ते ती कितपत नीट करते हे तपासायचं असेल, तर रँचरचं मत विचारून उपयोग नाही. शरदात वासराविना परतलेल्या गाईंचा हिशोब तिच्यात धरला जातो की नाही, ते पाहायला हवं.